गार कशी घडते, आणि आपल्याकडे ती जुलैत न पडता मार्चमध्येच का पडते?

पश्चिमवारा:
गारपिटीच्या बातम्या आल्या की एक वाक्य हमखास वाचायला मिळते: "यंदा थंडी रेंगाळली म्हणून गारा पडल्या." जमिनीवरच्या थंडीचा आणि गारेचा असा थेट संबंध नाही. आपल्याकडे गारा बहुतेकदा ऊन तापल्यावर, दुपार कलल्यानंतरच पडतात. गार नेमकी कशी घडते ते आधी मांडतो. ज्यांना अधिक ठाऊक आहे त्यांनी भर घालावी, चुकले असेल तिथे दुरुस्त करावे.

सुरुवात पाण्यापासून. पाणी शून्य अंशाला गोठते हे आपण शाळेपासून धरून चालतो, पण ढगातला बारीक थेंब शून्याच्या खालीही पाणीच राहतो. गोठायला त्याला मातीचा किंवा धुळीचा योग्य कण लागतो. तो मिळाला नाही तर उणे ३८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत थेंब द्रव राहू शकतो. याला अतिशीत पाणी म्हणतात. असा थेंब बर्फाला टेकला की गोठू लागतो. गारेचे सगळे खाद्य हेच.

खायला आधी गर्भ हवा. बर्फाच्या स्फटिकावर अतिशीत थेंब चिकटत जाऊन झालेली भुसभुशीत पांढरी कणी, किंवा अख्खाच्या अख्खा गोठलेला पावसाचा थेंब, यांपैकी काहीही चालते. दोन्ही काही मिलिमीटरचे असतात. हा गर्भ साधारण उणे १० ते उणे ३० अंशांच्या पट्ट्यात टिकून राहिला तर त्याची गार होते.

टिकायचे कसे, हा खरा प्रश्न. १ सेमी व्यासाची गार शांत हवेत सेकंदाला सुमारे ११ मीटर वेगाने पडते, २ सेमीची १६ आणि ४ सेमीची २३ मीटर. म्हणजे ४ सेमीची गार ढगात तोलून धरायला ताशी ८० किमीपेक्षा जोरात वर चढणारा झोत लागतो. शिवाय वेळ लागतो. ढगात घनमीटरमागे ३ ग्रॅम अतिशीत पाणी धरले, तर २ सेमीच्या आसपासच्या गारेचा व्यास मिनिटाला दीड मिमीने वाढतो. लहान असताना तिचा वेग कमी, म्हणून वाढही कमी. तेव्हा २ सेमी व्हायला पंधरा-वीस मिनिटे तरी हवीत. साध्या वळवाच्या ढगाचे आयुष्यच पाऊण तास, त्यात झोत जोरात असतो तो दहा-पंधरा मिनिटे. म्हणून अशा ढगातून हरभऱ्याएवढी गार येईल, लिंबाएवढी येणार नाही. लिंबाएवढ्या गारेसाठी झोत बराच वेळ टिकवणारा ढग लागतो.

द्राक्षवेल:
छान मांडणी. एक विचारतो. गार मधोमध कापली की कांद्यासारखी वर्तुळे दिसतात, एक दुधी, एक काचेसारखे. गार ढगात जितक्या वेळा वर-खाली झाली तितकी वर्तुळे, असे कितीतरी पुस्तकांत छापलेले आहे. ते बरोबर ना?

हिमकण:
द्राक्षवेल, हे चित्र इतके रुजले आहे की थोडे सविस्तर लिहितो.

वर्तुळे खरी, पण ती फेऱ्यांची मोजणी नाही. थर दुधी होणार की पारदर्शक, हे त्या क्षणी गारेवर किती पाणी आदळते आहे आणि भोवतालची हवा किती थंड आहे यावर ठरते. पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडते. पाणी थोडे आणि हवा कडक थंड असेल, तर ही उष्णता लगेच निघून जाते, थेंब आदळल्या जागी गोठतो, त्यातली हवा बुडबुड्यांच्या रूपात अडकते आणि थर दुधी होतो. पाणी भरपूर आदळत असेल तर उष्णता निघून जाण्याआधीच पुढचे थेंब येतात. गारेचा पृष्ठभाग शून्य अंशाला येऊन ओला राहतो, पाणी पसरते, बुडबुडे सुटतात, मग सावकाश गोठलेला थर काचेसारखा दिसतो.

गार झोताच्या कडेकडून मधल्या भागाकडे सरकली, तरी एवढा बदल होतो. एकदा वर जाऊन एकदा खाली येणाऱ्या गारेतही चार-पाच थर सापडू शकतात. आजची समजूत अशी की बऱ्याचशा गारा झोतातून एकदाच, पण तिरक्या आणि लांब वाटेने प्रवास करतात. आत शिरण्याची जागा अचूक जुळली, तर पडण्याचा वेग आणि झोताचा वेग बराच वेळ सारखा राहतो आणि गार जवळजवळ एकाच उंचीवर तरंगत फुगते.

थर बघायचे असतील तर गार उचलून लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवावी. पिशवी उघडी राहिली तर काही दिवसांत बर्फ उडून कडा झिजतात. कापताना सुरी मारू नये, गार तडकते. तार गरम करून तिने सावकाश वितळवत दोन भाग करावेत, कापलेला भाग थंड काचेवर हलकेच घासून सपाट करावा आणि काळ्या कागदावर ठेवून बाजूने उजेड पाडावा. गर्भ बहुधा मधोमध नसतो, कारण गार सगळीकडून सारखी वाढत नाही.

कोरडवाहू:
मग जुलैचे ढग काय कमी उंच असतात? मराठवाड्यात पावसाळ्यात पाणी भरपूर, ढग १२-१३ किमीपर्यंत जातात. तरी गार नाही. आणि मार्चमध्ये, ज्या वेळी हवेत ओल नावालाच असते, तेव्हा गहू-हरभरा काढायला आला की नेमकी येते. याचे समाधानकारक उत्तर कुठे वाचलेले नाही.

पश्चिमवारा:
कोरडवाहू, धाग्याच्या शीर्षकाचे उत्तर इथेच द्यायला हवे. कारणे चार आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

शून्य अंशाची पातळी. पावसाळ्यात आपल्याकडे ती ५ ते ५.५ किमी उंचीवर असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये साधारण ४ ते ४.५ किमीवर, थंड हवा वरून आली तर त्याहून खाली. म्हणजे गारेला वितळत यायचे अंतर किमान अर्ध्या-एक किलोमीटरने घटते. वरच्या थरांतली थंडी महत्त्वाची आहे ती अशी. "थंडीमुळे गारा" या म्हणण्यात खरे असेल तर इतकेच: थंडी ४-५ किमी वर हवी, अंगणात नव्हे.

कोरडी हवा. हे ऐकायला उलटे वाटते, पण ओलीपेक्षा कोरड्या हवेतून गार जास्त शाबूत उतरते. कोरड्या हवेत गारेच्या ओल्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होते आणि गार थंड राहते. माठातल्या पाण्याचे तेच तत्त्व. पावसाळ्यातल्या दमट हवेत उलट घडते. थंड गारेवर हवेतले बाष्प येऊन जमते, जमताना उष्णता सोडते आणि गार दुपटीने झिजते. अर्ध्या सेमीची गार पावसाळ्यात जमिनीपर्यंत पोचतच नाही. ती पावसाचा टपोरा थेंब होऊन पडते.

झोताचा जोर. पावसाळ्यात हवा खालपासून वरपर्यंत जवळपास सारखीच दमट असते आणि वरचे थरही त्यामानाने कोमट असतात. ढग उंच जातो, पण शांतपणे. मार्चमध्ये तापलेल्या जमिनीवरची हवा आणि वरची थंड हवा यांत तापमानाचा उतार तीव्र असतो. त्यात खालून ओल आली की हवेचा गोळा फुग्यासारखा उसळतो. या उसळीमागच्या ऊर्जेला हवामानवाले केप म्हणतात आणि किलोमागे ज्यूलमध्ये मोजतात. २००० केप असेल तर झोताचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला ६३ मीटर येतो. पाण्याचे ओझे आणि बाहेरच्या हवेची भेसळ धरून प्रत्यक्षात त्याच्या निम्मा धरावा. तरी ४ सेमीची गार उचलायला तो पुरतो.

चौथे कारण सर्वांत कमी बोलले जाते: उंचीनुसार वाऱ्यात होणारा बदल, म्हणजे विंड शिअर. हिवाळ्यात आणि मार्चपर्यंत उत्तर भारतावर १२ किमीच्या आसपास पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह असतो. पश्चिमी विक्षोभाची, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी प्रणालीची, घळ (वरच्या हवेतला कमी दाबाचा लांबट पट्टा) दक्षिणेकडे खोल उतरली की त्याचा प्रभाव महाराष्ट्रापर्यंत येतो. खाली दक्षिणेचा किंवा पूर्वेचा मंद वारा आणि वर पश्चिमेचा सुसाट, असे झाले की ढग तिरका होतो. तिरक्या ढगातला पाऊस झोताच्या बाहेर पडतो, झोताच्या अंगावर कोसळत नाही. म्हणून झोत स्वतःच्याच पावसाने गुदमरत नाही आणि ढग तासभर किंवा अधिक जगतो. जूननंतर हा जेट हिमालयाच्या पलीकडे सरकतो.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात गारपिटीचे जे सत्र चालले त्यात ही सगळी सूत्रे एकत्र होती: पश्चिमी वाऱ्यांची घळ नेहमीपेक्षा बरीच दक्षिणेला, वर थंड हवा, आणि खाली दोन्ही समुद्रांकडून येणारी ओल महाराष्ट्रावर एकत्र येत होती. एखादा दिवस जुळणे नवे नाही. दोनेक आठवडे ती मांडणी पुन्हा पुन्हा जुळत राहिली, म्हणून नुकसान इतके पसरले.

कोरडवाहू:
पटले. ओल समुद्राकडून येते हे लक्षातच आले नव्हते, आम्ही स्थानिक दमटपणाच बघत राहतो.

द्राक्षवेल:
आणि एकाच शिवारात बांधाच्या अलीकडे बाग झोडपलेली, पलीकडे पानही फाटलेले नाही, हे कसे?

हिमकण:
गारा पूर्ण ढगातून पडत नाहीत. झोताच्या कडेला एका अरुंद भागातून पडतात आणि ढग पुढे सरकत असतो. त्यामुळे जमिनीवर पट्टा उमटतो: रुंदी एखाददोन किलोमीटर ते दहाएक, लांबी दहा-वीस किलोमीटर, कधी त्याहून पुष्कळ जास्त. पट्ट्याची एक कड बहुधा धारदार असते. तालुक्याच्या ठिकाणी बसवलेले पर्जन्यमापक हा पट्टा पकडू शकत नाही. पंचनाम्यात "मंडळात गारपीट नाही" असा शेरा येतो तेव्हा तो का चुकीचा असू शकतो, हे यावरून कळावे.

नुकसानीबद्दल आणखी एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते आणि वेगाचा वर्ग दुप्पट. म्हणजे आदळण्याची ऊर्जा सोळापट. २ सेमीची गार सुमारे ४ ग्रॅमची, अर्ध्या ज्यूलने आदळते. ४ सेमीची ३० ग्रॅमची, जवळपास ८ ज्यूलने. पहिली पाने फाडते, दुसरी काडी सोलते आणि मंगळुरी कौल फोडते.

रडारदृष्टी:
प्रत्यक्ष त्या दिवशी काय बघायचे ते लिहितो. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर रडारची चित्रे खुली आहेत. मुंबई, नागपूर, गोवा यांपैकी आपल्याला जवळचे घ्यावे. "मॅक्स-झेड" नावाचे चित्र उघडा. मधला नकाशा सगळेच बघतात, पण गारेसाठी कामाच्या आहेत त्या कडेच्या दोन पट्ट्या. त्यांत ढगाचा उभा छेद असतो.

नियम असा: ४५ डीबीझेडचा (डीबीझेड म्हणजे ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या तीव्रतेचे माप) रंग शून्य अंशाच्या पातळीच्या किती वर गेला आहे ते मोजा. दीड किमीच्या आत असेल तर गारेची शक्यता फारशी नाही. तिथून वर गेला की शक्यता वाढत जाते आणि ५-६ किमी वर गेला तर गार जवळपास नक्की. मार्चमध्ये शून्याची पातळी ४.५ किमी धरली, तर ४५ डीबीझेड १० किमीपर्यंत दिसले की सावध व्हावे. नकाशात ५५ च्या वरचा ठिपका दिसला तरी एकटा तो पुरावा नाही, मुसळधार पावसातही ५० च्या पुढे आकडे जातात. उंची आणि तीव्रता, दोन्ही हवे.

कुठे फसगत होते तेही लिहितो. रडारची किरणे जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी खाली वळते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला सर्वांत खालचा किरण २०० किमीवर जमिनीपासून ४ किमी वर असतो, ३०० किमीवर जवळपास ८ किमी. लांबच्या ढगाचा खालचा भाग दिसतच नाही. गार वितळून पाणी झाली की नाही हे कळायला मार्ग नाही. दुसरे, ५ सेमी किंवा ३ सेमी तरंगलांबीच्या रडारची किरणे जोरदार पावसातून जाताना क्षीण होतात. पुढच्या ढगामागचा ढग आहे त्यापेक्षा फिका दिसतो आणि माणूस निर्धास्त राहतो. १० सेमीच्या रडारला हा त्रास फार कमी. तिसरे, चित्र दहा-पंधरा मिनिटे जुने असते. ताशी ४० किमीने सरकणारा ढग तेवढ्या वेळात ७-१० किमी पुढे आलेला असतो, तेव्हा शेवटच्या दोन चित्रांवरून दिशा काढून तो मनाने पुढे सरकवावा.

चार दिवस आधीचा अंदाज "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपीट" यापलीकडे जाऊ शकत नाही आणि त्याने जावे अशी अपेक्षाही धरू नये. गावाच्या पातळीवरचे शहाणपण तीन तासांच्या तात्कालिक अंदाजात आणि रडारमध्ये आहे.

मृगनक्षत्र:
विजेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून. गार आणि वीज एकाच भट्टीतून निघतात. पश्चिमवारा यांनी सांगितलेली भुसभुशीत कणी जड, बर्फाचे स्फटिक हलके. अतिशीत पाण्याच्या सान्निध्यात दोन्ही घासून जातात तेव्हा विद्युतभाराची देवाणघेवाण होते. उणे १०-१५ अंशांहून थंड भागात कणी ऋणभारित होते आणि मध्यावर राहते, स्फटिक धनभारित होऊन झोताबरोबर माथ्याकडे जातात. झोत जोरात म्हणजे घासाघीस जास्त, विजा जास्त. म्हणून एखाद्या ढगातला गडगडाट अचानक अखंड होऊ लागला, तर झोत बळावला असे समजावे. मोठी गार आणि सोसाट्याचा वारा त्यानंतर काही मिनिटांनी येतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी अॅप विजांची ठिकाणे दाखवते, ते रडारच्या जोडीला बघावे.

वाऱ्याचेही तसेच. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ३३० किलो हवा १ अंशाने थंड होते. त्यात पावसाच्या थेंबांचे कोरड्या हवेत होणारे बाष्पीभवन, ज्याची उष्णताशोषकता किलोमागे सातपटीहून जास्त. थंड हवा जड होऊन दगडासारखी खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. गारेआधी येणारा तो थंड, मातीच्या वासाचा वारा हाच. शेडचे पत्रे आणि मांडव गारेआधी यानेच जातात. आणि हा वारा लागल्यावर कांद्यावर ताडपत्री ओढायला शेतात धावू नये. त्या क्षणी वीज सर्वांत जवळ असते, झाडाखाली तर मुळीच थांबू नये.

द्राक्षवेल:
गारविरोधी तोफा विकायला येतात. ॲसिटिलीनचा स्फोट करून ध्वनिलहरी ढगात सोडतात म्हणे. कोणी खात्रीचे सांगेल का?

हिमकण:
पैसे घालू नका. तोफेची लहर ढगाच्या गारेच्या पट्ट्यापर्यंत, म्हणजे ६-८ किमी वर पोचेस्तोवर अगदीच क्षीण होते. आणि त्याच ढगात विजेचा कडकडाट सतत चाललेला असतो, जो तोफेपेक्षा कितीतरी मोठा आहे. आवाजाने गार मोडत असती तर गडगडाटी ढगातून गार पडलीच नसती. जागतिक हवामान संघटनेनेही तोफांना शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे.

सिल्व्हर आयोडाइडची गोष्ट वेगळी. तिथे निदान तर्क आहे: गर्भ पुष्कळ वाढवले की तेच पाणी अनेकांत वाटले जाईल आणि गारा लहान राहतील. पण निकाल देशोदेशी उलटसुलट आले आहेत आणि हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम नाही.

कोरडवाहू:
जाळी तरी कामाची आहे ना?

पश्चिमवारा:
जाळी कामाची आहे. हिमाचलमध्ये सफरचंदावर ती सर्रास वापरतात. मात्र बहुतेकदा फाटते ती जाळी नव्हे, बसतो तो सांगाडा. ३ सेमीचा गारांचा थर साचला, त्यात निम्मी जागा हवेची धरली, तरी चौरस मीटरला सुमारे १४ किलो भार येतो. एकरी सुमारे पंचावन्न टन. सपाट ताणलेल्या जाळीचा हा भार सगळा तारांवर आणि कोपऱ्यातल्या डांबांवर जातो आणि एक डांब कलला की ओळच्या ओळ बसते. म्हणून जाळी ओळीच्या माथ्यावर उंच आणि दोन ओळींच्या मध्ये खोलगट, अशी घराच्या छपरासारखी उतरती बांधावी. मधल्या सांध्यात जागोजाग फटी ठेवाव्यात म्हणजे गारा घरंगळून ओळींमध्ये पडतील. कडेच्या डांबांना बाहेरच्या बाजूने ताण द्यावेत. जाळी अतिनील किरण सोसणाऱ्या एचडीपीई या दाट प्लास्टिकचीच घ्यावी. साधी दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते.

द्राक्षवेल:
गार पडून गेल्यानंतरचे दोन मुद्दे माझ्याकडून. डाळिंबात जखमांतून तेल्या हा जिवाणूजन्य रोग शिरतो, म्हणून फुटकी फळे आणि मोडक्या फांद्या त्याच दिवशी बागेबाहेर न्याव्यात आणि बोर्डो फवारावे. १ टक्क्यासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे आणि त्याच दिवशी संपवायचे. कोवळी पालवी असेल तर निम्मे प्रमाण. काढणीला आलेल्या द्राक्षावर मात्र घाबरून काहीही फवारू नये, अंश राहिला तर वाचलेला मालही हातचा जाईल. फुटलेले मणी कात्रीने काढून घड मोकळे करणे एवढेच खरे.

फळपीक विम्यात गारपिटीचे संरक्षण ऐच्छिक असते, त्याचा हप्ता वेगळा भरावा लागतो. तो भरला असेल तर ७२ तासांत सूचना द्यावी. सरकारी मदतीला ३३ टक्क्यांवर नुकसान लागते. गार वितळण्याआधी फोटो काढावा, शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून. नाण्याचा व्यास २७ मिमी आहे, मापाला वेगळी पट्टी नको.

रडारदृष्टी:
फोटोपेक्षा भक्कम पुरावा हवा असेल तर गारपाटी बनवा. गारांच्या अभ्यासात ही पद्धत जुनी आणि जगभर चालते, खर्चही फार नाही. ३० सेमी × ३० सेमीचा, अडीच सेमी जाडीचा दाट थर्माकोल घ्यायचा (पॅकिंगचा दाणेदार नको, त्याचे दाणे सुटतात). त्यावर जाड ॲल्युमिनियम फॉइल सुरकुती न पडू देता गुंडाळून मागे चिकटवायचे. जमिनीपासून मीटरभर उंचीवर, झाडा-भिंतीपासून लांब, पाणसळ लावून आडवी बसवायची. गार पडली की खड्डा उमटतो आणि तो वितळत नाही.

खड्ड्यावरून गारेचा व्यास काढायला आधी पाटी तपासून घ्यावी लागते. बेअरिंगच्या पोलादी गोळ्या त्यासाठी उत्तम. पोलाद बर्फापेक्षा साडेआठपट जड, म्हणून तेवढ्याच आकाराची गोळी थोड्या उंचीवरून सोडली तरी गारेइतकी ऊर्जा मिळते. हिशोब सोपा निघतो: १० मिमीची गोळी ७७ सेमीवरून, २० मिमीची १ मीटर ५४ सेमीवरून, ३० मिमीची २ मीटर ३१ सेमीवरून. प्रत्येक आकाराचे पाच-सहा खड्डे पाडा, व्हर्नियरने रुंदी मोजा, सरासरी लिहून ठेवा. थर्माकोलचा गठ्ठा बदलला की हे पुन्हा करावे लागते.

हिमकण:
उत्तम. एक पुस्ती. वारा असेल तर खड्डे लंबगोल होतात. तेव्हा रुंदी आखूड बाजूची मोजावी, लांब बाजू वाऱ्याची दिशा सांगते. म्हणून पाटीच्या एका कडेवर बसवतानाच उत्तरेचा बाण काढून ठेवावा. आणि वादळ ओसरल्यावर पाटी लगेच बदलावी, मागे तारीख आणि वेळ लिहावी. दुसऱ्या दिवशीच्या गारा त्याच पाटीवर पडल्या तर दोन्ही दिवसांचे माप एकमेकांत मिसळते.